आवाजाची गाळणी

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे, पण मला घेऊन पीठ चाळायला बसाल तर फसाल. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या मुंगळ्यांसारख्या काही चिपा, मण्यांसारखे, वीज साठवणारे कपॅसिटर, फिरवायच्या दोन खुंट्या आणि एका कोपऱ्याचा उडालेला टवका, एवढाच माझा संसार. मी आवाज गाळते. गलक्यातला हवा तो एक आवाज पुढे सोडायचा आणि बाकीच्यांना दारातच अडवायचं, हे माझं काम.

मी जन्माची भित्री आहे, हेही आधीच सांगून टाकते. कुणी विंचवाला भितं, कुणी उंचीला. मला माझीच भीती वाटते. सगळं ऐकलंत तर तुम्हालाही ते पटेल.

मला एका बाईंनी घडवलं. त्या कॉलेजात शिकवत, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणत. मीही तेच म्हणते. त्यांच्या विभागात माझ्यासारख्या गाळण्यांवर पुष्कळ काम चालायचं, पण सारं कागदावर. संगणकावर आकृती मांडायची, आलेख सुरेख आला की लेख छापून आणायचा आणि पुढच्या आकृतीला हात घालायचा. माझी कितीतरी भावंडं अशी कागदावरच जन्मली आणि कागदावरच निवर्तली. मॅडम मात्र माझी आकृती घेऊन विभागप्रमुख सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, ही मला प्रत्यक्ष बनवायची आहे."

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "कशाला? आलेख चांगला आलाय की. प्रत्यक्षात उतरवलंत की कटकटी सुरू. चिपा तापतात, गोंगाट शिरतो, दोन चिपा एकसारख्या निघत नाहीत. कागदावरचं लग्न बरं असतं मॅडम, त्यात भांडणं नसतात."

"मला भांडणंच बघायची आहेत, सर," मॅडम म्हणाल्या.

त्यामागे घरातली गोष्ट होती. मॅडमचे धाकटे दीर अग्निशमन दलात होते. आगी विझवायच्या तशी पडलेल्या इमारतींखालून माणसं काढायची, हेही त्यांचंच काम. मॅडम त्यांना भावजी म्हणत. एकदा जेवताना भावजी म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे ढिगाऱ्यातलं ऐकायचं यंत्र आहे, पण त्याला सगळंच ऐकू येतं. पंप, गाड्या, बघ्यांच्या चपला. खालचं माणूस तेवढं ऐकू येत नाही."

"त्यात गाळणी नाही?"

"आहे, पण ठोकून बसवलेली. एकाच पट्टीतलं ऐकते. कुणी नळ वाजवतं, कुणी भिंत खरवडतं, प्रत्येक ढिगाऱ्याचा सूर वेगळा. ऐन वेळी तिथे बसून सुटे भाग काढून दुसरे कोण जोडणार?"

"ताटावर बसून ढिगारे उपसू नका," सासूबाई म्हणाल्या आणि विषय तिथेच थांबला. पण मॅडमचा घास हातातच राहिला होता. हे मला पुढे भावजींच्या तोंडून कळलं, कारण ही गोष्ट सांगायला त्यांना फार आवडायचं.

आता माझ्या पोटात काय आहे ते थोडं सांगते, म्हणजे माझी भीती समजेल. माझ्या जातीच्या बहुतेक गाळण्या विजेच्या दाबावर चालतात. मी प्रवाहावर चालते. दोन दाबांची बेरीज करायला बरीच जुळवाजुळव लागते. दोन ओढ्यांची बेरीज करायची तर त्यांना एका ठिकाणी मिळू दिलं की झालं. त्यामुळे माझं अंग आटोपशीर आहे. आणि माझा सूर बदलायला मला उसवावं लागत नाही. माझ्या चिपांना एक बारीकसा प्रवाह सतत पाजलेला असतो. तो वाढवला की माझा सूर चढतो, कमी केला की उतरतो. पहिली खुंटी त्यासाठी आहे.

दुसरी खुंटी धारेची. ती पिळत गेलं की मी जास्त जास्त निवडक होते. आजूबाजूचे सगळे आवाज कापून नेमका एकच धरते. पण तिला एक काठ आहे. त्या काठापर्यंत मी गाळणी असते. काठ ओलांडला की मी बाहेरचं काही न ऐकता आपणहून गाऊ लागते. मग समोर कुणी असो वा नसो, माझ्या तोंडून एकसुरी आवाज निघत राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी हाक मारतंय.

भयंकर गोष्ट ही, की माझं मला ते कळत नाही.

मॅडमनी माझ्याबरोबर माझा एक जुळा भाऊही घडवला. आकृती तीच, चिपा त्याच, फक्त एका जोडणीचा फरक. त्याला मुद्दाम काठापलीकडे ठेवलं होतं. तो सूर देणारा दोलक. त्यानं सूर द्यायचा आणि मी तो बरोबर पकडते का, हे मॅडमनी तपासायचं. तो गायला नाही तर तो वाया, मी गायले तर मी वाया. एकाच आईची दोन लेकरं, पण एकाचा गुण तोच दुसरीचा दोष. टेबलावर शेजारी पडल्या पडल्या मी त्याचा निर्धास्त सूर ऐकायची आणि माझ्या मनात यायचं, एवढ्याशा फरकावर आपली अब्रू टांगलेली आहे.

मॅडमनी मला घरी आणून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी मला उलटं-सुलटं करून पाहिलं. "ही गाळणी? मग चहाची परवडली. निदान दिसतं तरी काय गाळलं ते." भावजी हसले, पण मला हातात घेताना त्यांनी आधी नळाला हात लावला. मॅडमनी त्यांना शिकवलं होतं. माणसाच्या अंगावर कधीकधी वीज साठलेली असते आणि तिच्या एका ठिणगीनं माझी चिप जळते. एवढा आडदांड गडी, पण मला धरायचा ते पाखराचं पिल्लू धरावं तसं.

पहिली चाचणी दलाच्या मैदानात झाली. एका टोकाला विटा-मातीचा ढीग रचून त्यात एक जवान लपवला होता. त्यानं आतून लोखंडी नळ ठोकायचा आणि आम्ही त्याला शोधायचं. जमिनीत खोचायच्या लहान मेखांना भावजी 'कान' म्हणत. जमिनीची बारीकशी थरथरही ते कान टिपत आणि तिचा प्रवाह करून माझ्याकडे पाठवत. मी तो गाळून मॅडमच्या कानावरच्या हेडफोनमध्ये सोडत असे.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. माझा पत्र्याचा डबा हात लागू देईना. तापले की माझ्या चिपांची ताकद ओसरते आणि माझा सूर जागचा घसरतो. मॅडमना हातातला आवाज निसटतोय असं वाटलं, म्हणून त्यांनी दुसरी खुंटी पिळली. मग आणखी पिळली. आणि मी काठावरून पलीकडे गेले.

"सापडला. डाव्या बाजूला," मॅडम म्हणाल्या. जवान निशाण घेऊन तिकडे धावले. माती उपसू लागले. थोड्या वेळानं लपलेला जवान ढिगाच्या उजव्या टोकातून आपणच बाहेर आला आणि कपडे झटकत म्हणाला, "काय राव, मी इकडे ठोकून ठोकून दमलो." सगळे हसले. दलाचे प्रमुख हसले नाहीत. ते मॅडमजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "खेळणं छान आहे. पण खऱ्या ढिगाऱ्यात हे ऐकून मी माणूस आत पाठवला असता, आणि वरून स्लॅब आला असता, तर त्याच्या घरी जाऊन मी काय सांगितलं असतं?"

मॅडमनी हेडफोन काढून ठेवला. डब्यात मी तापून बसले होते आणि तापाखाली थंडगार भीती होती. त्या दिवसापासून ती माझ्या अंगात घर करून बसली.

मॅडम चारचौघांत हार मानणाऱ्या, पण घरी येऊन कंबर कसणाऱ्या. त्यांनी केस वाळवायचं यंत्र आणलं आणि मला टेबलावर ठेवून त्याचा गरम झोत माझ्यावर सोडला. मित्रांनो, भाजून काढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी घसरले की त्या माझा सूर मोजायच्या, मला थंड करायच्या, पुन्हा तापवायच्या. सासूबाई दारात आल्या. "आता पट्टीचेही केस वाळवतेस का?"

"तिला उन्हाची सवय लावतेय, आई."

शेवटी उपाय निघाला. मला पाजला जाणारा प्रवाह मॅडमनी असा जोडला, की उष्णता वाढली की तोही त्याच मानानं वाढेल. भट्टीपाशी काम करणाऱ्याला जास्त पाणी पाजावं तसं. माझा सूर जागेवर थांबू लागला. पण काठाची भीती राहिलीच. ती भावजींनीच बोलून दाखवली. "वहिनी, ही पुन्हा आपणच गायला लागली तर आपल्याला कळणार कसं?"

मॅडमनी मला मुद्दाम काठापलीकडे नेलं. मी गाऊ लागले. मग त्यांनी पहिली, सुराची खुंटी थोडी फिरवली. माझं गाणं खुंटीबरोबर चढलं. उलट फिरवली, गाणं उतरलं. मग मला काठाच्या आत आणून त्यांनी जुळ्या भावाचा सूर माझ्यात सोडला आणि तीच खुंटी फिरवली. या वेळी सूर चढला नाही की उतरला नाही. जागच्या जागी नुसता मंद होत गेला.

"बघा भावजी. खुंटीमागून सरकतो तो हिचा आवाज. जागेवर राहून मंद होतो तो बाहेरचा."

भावजींनी स्वतः दोनदा फिरवून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हे मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल."

यानंतर काही महिन्यांनी, एका सकाळी, गर्दीच्या रस्त्यावरची एक तीन मजली इमारत बसली. कोसळली असं लोक म्हणतात, पण भावजींचा शब्द 'बसली'. थकलेलं माणूस मटकन बसावं तशी. तळमजल्यावर लाँड्री होती, वर गोदामं. सकाळची वेळ, म्हणून वर कुणी नव्हतं. लाँड्रीतली माणसं धडपडत बाहेर पळाली. मोजदाद झाली तेव्हा एक इस्त्रीवाली बाई कमी भरली. कुणी म्हणालं, ती आज आलीच नव्हती. कुणी म्हणालं, आली होती, आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. तिच्या घराला कुलूप होतं.

दलाचं जुनं यंत्र लावून झालं. त्यात रस्ताभरचा गोंगाट भरला. तेव्हा भावजींनी प्रमुखांना विचारून वहिनीला फोन केला. मॅडम वर्ग अर्धा सोडून मला छातीशी धरून आल्या. त्यांच्या हृदयाची धडधड मला डब्यातून लागत होती. आमच्या दोघींत जास्त भेदरलेली कोण, ते सांगता येणार नाही.

ढिगारा कसा होता म्हणून सांगू? पहिल्या मजल्याचा स्लॅब एका बाजूनं खाली आला होता आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या भिंतीवर तिरका टेकून होता. त्याखाली माणूस सरपटत जाईल एवढी फट. वाफेचे नळ वाकून बाहेर आले होते. धुतलेल्या चादरी मातीत लोळत होत्या. साबणाच्या वासात सिमेंटची धूळ मिसळली होती. प्रमुखांनी सगळी यंत्रं बंद करायला लावली, पण पलीकडच्या रस्त्यावरची वाहतूक कुणाच्या हातात नव्हती.

भावजींनी कान खोचले. मॅडमनी मला चालू केलं आणि खुंटी हळूहळू फिरवत खालून वर शोध घ्यायला लागल्या. माझ्या दाराशी सगळं जगच येऊन धडकलं. ट्रकची घरघर, पावलांची थपथप, कुठेतरी ठिबकणारं पाणी. मी एकेकाला अडवत होते. मग एका जागी, अगदी पुसट, टण् असं काहीतरी आलं. थांबलं. पुन्हा आलं.

मॅडमनी धार वाढवली. टण्. आता स्पष्ट.

मी गारठले. काठ जवळ आला होता. एखादा धक्का बसला की काठाजवळची गाळणी त्याच सुरात बराच वेळ घुमत राहते. ट्रक गेला असेल, त्याचा धक्का लागून मीच घुमले असेन. की खाली खरंच कुणी होतं? मैदानातलं ऊन, धावणारे जवान, झटकलेले कपडे, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मॅडम, माझ्यावर विसंबू नका. पण मला तोंड कुठे होतं? आत येईल ते गाळून पुढे द्यायचं, एवढंच माझ्या हाती.

प्रमुख शेजारी येऊन बसले. "मॅडम, आहे का कुणी?"

"बहुतेक."

"मला बहुतेक नको. वरचा स्लॅब कुठल्याही क्षणी हलेल. बहुतेकवर मी माणूस आत पाठवू शकत नाही."

मॅडमच्या कपाळावरचा घाम माझ्या डब्यावर ठिबकला. त्यांनी सुराच्या खुंटीला हात घातला. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं. खुंटी किंचित फिरली.

आवाज मंदावला. आणखी फिरली. आवाज जवळजवळ विझला.

दुसरा हेडफोन प्रमुखांच्या कानावर होता. त्यांनी मान हलवली. "गेला."

"गेला नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम स्थिर झाला होता. "मंद झाला. सरकला नाही. हिचा असता तर खुंटीमागून आला असता. हा बाहेरचा आहे."

मित्रांनो, मी निर्दोष होते, हे मला त्या क्षणी कळलं. पण हायसं वाटायला सवड मिळाली नाही. प्रमुख म्हणाले, "बाहेरचा मान्य. माणसाचा कशावरून? नळातून पाणी थेंबथेंब पडत असेल, तापलेलं लोखंड निवताना टणटणत असेल."

भावजींनी एक सळई उचलली आणि ढिगाऱ्यातून वर आलेल्या नळावर सावकाश तीन ठोके दिले. मग प्रमुखांनी सगळ्यांना थांबायची खूण केली. मी दार सताड उघडं ठेवलं.

काहीच आलं नाही. मघापासून थांबत थांबत येणारं टण् तेही बंद झालं.

वाट पाहिली. पुन्हा ठोके दिले. नळ मुका. मॅडमनी डोळे मिटले. एक जवान पुटपुटला, "संपलं वाटतं."

भावजी मात्र उठून हातमोजे चढवायला लागले. "साहेब, मी आत जातो."

"आवाज बंद झालाय, आणि आता जातोस?"

"म्हणूनच. पाणी ठिबकत असतं तर मी ठोकलं म्हणून थांबलं नसतं. लोखंडाला कान नसतात. मला ऐकून जे थांबलं, ते माणूसच."

 प्रमुखांनी मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता आणि तो कोणाला विचारलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. फटीत जाणारा गडी त्या बाईच्या घरचा होता. सासूबाईंचं शेंडेफळ.

"आवाज खरा होता," मॅडम म्हणाल्या. "एवढं मी सांगते."

"बस् वहिनी," भावजी म्हणाले, "एवढंच हवं होतं." कमरेला दोर बांधून ते पोटावर सरपटत फटीत शिरले. आधी डोकं दिसेनासं झालं, मग पाठ, मग बुटांचे तळवे.

त्यानंतरची वेळ मी विसरू शकत नाही. माझ्या दाराशी भावजींच्या कोपरांची खरखर येत होती. ती मंदावत गेली. मग नुसती शांतता. शांतता गाळता येत नाही, मित्रांनो. तिच्यातून निवडायला काही नसतं. मॅडमनी सुराची खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. मग एकाएकी असा आवाज आला की तो एका सुरात मावेना. जाडजूड, दात खाल्ल्यासारखा. वरचा स्लॅब सरकत होता. प्रमुखांनी दोर धरणाऱ्या जवानांना हात केला. मॅडम अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या, कारण हेडफोनची वायर त्यांना धरून होती. फटीतून धूळ फुस्सकन बाहेर आली.

धूळ हळूहळू बसली. आणि मग आला. टण्. मघाचाच सूर, पण आता जोरात, घाईघाईनं, एकामागून एक. कुणीतरी वेड्यासारखं नळ बडवत होतं, आणि त्यामागे कोपरांची खरखरही होती.

"ओढा," मॅडम ओरडल्या. "हळू ओढा, दोघं आहेत."

दोर बाहेर येत गेला. आधी बूट दिसले. भावजी उलटे सरपटत आले आणि त्यांनी बगलेत धरून बाहेर काढलं ते धुळीनं पांढरं झालेलं माणूस. इस्त्रीवाली. एका हातात कपडे अडकवायचा लोखंडी आकडा तिनं इतका घट्ट धरला होता की डॉक्टरांनाच तो सोडवावा लागला. तिचा पाय मोडला होता. भावजींच्या पाठीवर स्लॅबच्या कडेनं हातभर चर पडला होता. तिकडे धावताना मॅडमच्या हातून मी निसटले आणि दगडावर आपटले. माझा कोपरा उडाला तो तेव्हा. मला त्याचं दुखलंही नाही.

संध्याकाळी भावजी पट्ट्या बांधून घरी आले. सासूबाईंनी सारं ऐकून घेतलं. मग सुनेला एवढंच विचारलं, "त्याला आत जायला तूच सांगितलंस?"

"आवाज खरा आहे असं सांगितलं, आई."

सासूबाई आत निघून गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या मॅडमशी कामापुरतंच बोलल्या. मॅडमनीही सफाई दिली नाही. टेबलावर पडल्या पडल्या ती चिडीचूप जेवणं मी पाहत होते आणि मला वाटायचं, या घराची शांतता मीच मोडून ठेवली. मग एका दुपारी सासूबाई एकट्या माझ्यापाशी आल्या. त्यांनी आधी नळाला हात लावला. माझ्या डब्यातला फाटका स्पंज काढला, जुन्या मऊ रजईचा तुकडा मापानं कापून खाली घातला, वर घातला, मला मधे ठेवलं. मॅडम दारात आल्या तेव्हा त्या मागे न वळता म्हणाल्या, "हिला अशी आदळआपट चालत नसेल ना? पुढच्या वेळीही तोच आत जाणार आहे. ही नीट राहायला हवी." एवढं बोलून त्या गेल्या. रात्रीच्या जेवणाला घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

पाय थोडा बरा झाल्यावर इस्त्रीवाली मला भेटायला प्रयोगशाळेत आली. कुबडी भिंतीला लावून खुर्चीत बसली. मॅडमनी तिला विचारलं, "आम्ही वरून ठोकलं तेव्हा तुम्ही वाजवायच्या का थांबलात?"

ती जरा लाजली. "काय सांगू बाई. तिथे आत इतका वेळ वाजवत होते, की मला वाटलं माझाच आवाज फिरून येतोय. म्हटलं, आपण वाजवायचं आणि आपणच ऐकायचं, असंच आता मरायचं. म्हणून आकडा खाली ठेवला. मग तुमचे दीर समोरून बॅटरी घेऊन आले, तरी खरं वाटेना. त्यांनी वरच्यांना कळवायला नळ वाजव म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र हात थांबेचना."

मी डब्यात निश्चल पडले होते. त्या काळोखात, नळाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्यासारखीच भीती बाळगून कुणी बसलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी भावजींबरोबर बऱ्याच ढिगाऱ्यांवर गेले. कधी माणसं सापडली, कधी नाही. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, सरांनी तो विभागात फ्रेम करून लावला आणि पाहुण्यांना सांगू लागले की ही आमचीच कल्पना. पुढे संगणकावर चालणारी नवी यंत्रं आली. ती पडद्यावर रंगीत ठिपके दाखवतात, त्यांना उन्हाचं काही वाटत नाही. ती माझ्याहून शहाणी आहेत, आणि ते ठीकच आहे. भावजी निवृत्त झाले. जुळा भाऊ दुसऱ्या कॉलेजनं प्रयोगाला नेला, तो परत आला नाही. मॅडमचे केस पांढरे झाले. मी कॉलेजच्या कपाटात पडून राहिले. गेल्या सुट्टीत कपाटं रिकामी करणाऱ्या लोकांनी माझा डबा हलवून पाहिला, काही खडखडलं नाही, तेव्हा मोडलेलं नसावं म्हणून पुन्हा ठेवला. त्या रजईनं मला त्या दिवशी वाचवलं की काय, कोण जाणे. पुढच्या खेपेला वाचेन याची खात्री नाही.

आता माझ्या चिपांच्या पायांवर हिरवट गंज चढतोय. कपॅसिटर वाळत चाललेत. दमट दिवसांत आत काहीतरी झिरपल्यासारखं वाटतं. माझा सूर कुठे आहे, काठ किती जवळ आलाय, मला काही ठाऊक नाही, आणि काळोखात पडल्या पडल्या मी त्याच धास्तीत असते.

म्हणून एक विनवणी करते, मित्रांनो. माझ्यासारखी जुनी यंत्रं तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात कोपऱ्यात पडलेली असतील. ज्यांच्या शब्दावर कुणाचा जीव अवलंबून असतो, त्यांना शोभेला ठेवू नका आणि त्यांच्यावर आंधळा विश्वासही टाकू नका. त्यांना कोरड्या जागी ठेवा, मधूनमधून बाहेर काढा, धूळ पुसा, वीज जोडा आणि तपासून बघा. माझीही खुंटी कधीतरी फिरवा. मी खोटं बोलत असेन तर तुम्हीच ओळखा, कारण मला ते कळत नाही.